तुमसरहून आणलेली गाडी

अश्विन मिस्त्रीनं बोनेटखाली डोकं घातलं होतं आणि शेवंताबाई त्याच्या गॅरेजातल्या एकुलत्या एका धड खुर्चीवर बसली होती. बस म्हणून तिला कुणी म्हटलं नव्हतं. कोंढा गावाच्या रस्त्यावरचं ते पत्र्याचं शेड, ग्रीसनं काळी पडलेली जमीन, खिळ्याला टांगलेले जुने बेल्ट, बाहेर उन्हात पसरलेल्या धानाचा वास. सगळं रोजच्यासारखं होतं. फक्त ती गाडी तेवढी रोजच्यासारखी नव्हती.

"अश्विन, पयले तू हवेचा फिल्टर बदलला. मंग नळी बदलली. आता काय बदलतं? मले?"

"तुमाले कोण बदलन जी काकू," अश्विन आतूनच बोलला. "तो मॉडेल बंद झाला कवाचाच."

भूषण गाडीला टेकून उभा होता. तो हसला नाही. आईची कुणी अशी फिरकी घेतली की हाच पोरगा आधी पोट धरून हसायचा. शेवंताबाईनं ते पाहिलं आणि तिचा राग आणखी चढला.

आसगावात शेवंताबाईच्या शब्दापुढे शब्द टाकायची कुणाची छाती नव्हती. शाळेत ती सहीपुरतीच गेली होती, पण नवरा गेल्यावर धानाची शेती, दावणीची जनावरं आणि हा एकुलता पोरगा तिनं एकटीनं ओढून काढला होता. गाडीही तिनंच घ्यायला लावली. पांढरी, डिझेलची, टर्बोवाली, वापरलेली. तुमसरच्या एका राईस मिलवाल्याच्या घरची. दलालानं आणून दारात उभी केली, भूषणनं चक्कर मारली, सून दामिनीनं ओवाळली. त्या दिवशी गाडी वाऱ्यासारखी पळाली होती. मग तिला काय झालं कोण जाणे, ओढेनाशी झाली.

आवाज ठीक, चालू व्हायला ठीक. पण पाय पार खाली दाबला तरी काटा पन्नासाच्या आसपास येऊन बसायचा आणि मागून काळा धूर निघायचा. आत मायलेक दोघंच, पण चाल अशी की जणू टपापर्यंत धानाची पोती भरली आहेत.

"टर्बो म्हणजे लोहाराचा भाता समजा," अश्विननं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "इंजिनातून निघणाऱ्या धुरानं एक पंखा फिरते, तो हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा कमी पडली का डिझेल धड जळत नाही. धूर काळा, ताकद गुल."

फिल्टर उघडला तर तांदळाच्या कोंड्यानं गच्च भरलेला. "मिलवाल्याची गाडी, कोंडाच निघन. केसर थोडीच निघते," शेवंताबाई म्हणाली. नवा फिल्टर बसला. गाडी पळाली, आणि घरी येता येता पुन्हा बसली. मग टर्बोतून निघणाऱ्या रबरी नळीवर तेलाचा ओघळ दिसला. अश्विननं साबणाचं पाणी मारलं तर फुगे आले. नळी फाटली होती. नवी नळी बसली. गाडी पळाली, आणि घरी येता येता पुन्हा बसली.

आता त्यानं डिझेल फिल्टर उघडून पाणी आहे का पाहिलं. सेन्सर काढून पुसला. टर्बोच्या पंख्याला बोट लावून हलवून पाहिलं. पंखा रतीभर डगमगत नव्हता. शेवटी त्यानं स्कॅनरची वायर स्टिअरिंगखाली जोडली आणि मशीन मांडीवर घेऊन पुढं बसला. "चालत्या गाडीत पाहू, काकू. बसल्या जागी रोग सापडत नाही."

शेवंताबाई मागं बसली. मालकीण मागंच बसते, हा तिचा नियम होता.

भूषणनं गाडी भंडाऱ्याच्या दिशेनं काढली. पहिल्या गियरपासूनच ती उसळली. बारीक शिट्टीसारखा टर्बोचा आवाज आला, काटा सत्तर, ऐंशी, नव्वद. धानाच्या बांध्यांमधले बगळे मागं पडत गेले.

"दाब एक नंबर," अश्विन खूश होऊन म्हणाला. "रोग गेला, काकू."

"तुह्या तोंडाचा रोग जाऊ दे पयले. गाडी पलटव."

अड्याळच्या अलीकडं भूषणनं गाडी पलटवली. आणि पलटवताच ती बसली. चिखलाच्या बांधीत चाक रुतावं तशी घरघरली. भूषणनं पाय दाबला. मागं काळा धूर. काटा चाळीस.

अश्विन मशीनकडं पाहत राहिला.

"काय म्हणते ते डबडं?"

"दाब पुरा आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "हवा पुरी, डिझेल पुरं. मशीन म्हणते गाडी सगळी ताकद लावून राहिली."

"मंग ते ताकद जाते कोठी?"

अश्विननं भूषणला गाडी पुन्हा फिरवायला लावली. उत्तरेला, भंडारा-तुमसरकडं, तोंड होताच ती उसळली. पुन्हा फिरवली, पुन्हा बसली. मशीनवरचे आकडे दोन्हीकडं सारखेच. उन्हात घामाघूम झालेला भूषण एका हातानं कंबर दाबत होता.

"माय," तो मध्येच म्हणाला, "जाऊ दे ना तिले घरी."

"अरे बयताडा, घराकडंच तं चाललो!"

त्यानं आरशातून तिच्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. "हाव," तो म्हणाला. "हाव ना."

गॅरेजात आल्यावर अश्विननं वायर गुंडाळली, हात पुसले, आणि पुसतच राहिला. "काकू, नाराज नोका होऊ. पण हे गाडी आता माह्याकडं नोका आणू."

"काहून? हात टेकले?"

"पार्ट सगळे बरोबर आहेत," तो म्हणाला. "मी कायले हात लावू?"

शेवंताबाईला चेटूक-भानगडी ठाऊक नव्हत्या आणि ज्यांना ठाऊक होत्या त्यांना ती दारात उभं करत नव्हती. पण जनावर तिला ठाऊक होतं. बाजारातून आणलेला बैल नव्या धन्याच्या वाटेवर पाय ओढतो आणि जुन्या गोठ्याच्या वाटेवर पळत सुटतो. म्हणून तर बैल विकणारा आपलं दावं देत नाही, आणि घेणारा शहाणा असला तर मागत नाही. आपलं दावं आपण न्यायचं. चुकून जुनं दावं आलंच, तर ज्याचं त्याला परत द्यायचं.

तिनं गाडीचं पुढचं दार उघडलं. भूषणच्या सीटवर एक गादी होती. जुन्या हिरव्या लुगड्याची, हातानं शिवलेली, टाके मुंगीसारखे बारीक.

"हे कोणाचं?"

"गाडीतच होतं. पाठीले बरं वाटते."

"तुही पाठ कवापासून दुखते रे?"

भूषणनं विचार केला. खरंच आठवत नसल्यासारखा विचार केला. "पयलेपासूनच," तो म्हणाला.

खोटं. धानाचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारा पोरगा तो. आता तिला एकेक आठवू लागलं. लाखोळीच्या डाळीवर जीव टाकणारा, पण अलीकडं वाटी बाजूला सारतो. दामिनी म्हणत होती, झोपेत हे पाय दाबतात, क्लच दाबल्यावानी. परवा तर हाक मारल्यावर त्यानं दुसऱ्या हाकेला वळून पाहिलं, तेही जरा उशिरानं. गाडीचं काय व्हायचं ते होवो, भंगारात जावो, पण पोरगा हातचा जाता कामा नये. एवढं एक तिला लख्ख कळलं, आणि भीती वाटायच्या आत तिला संताप आला. भीतीची तिला सवय नव्हती.

"उद्या सकाळी तुमसर," ती म्हणाली. "ज्या घरचं दावं त्या घरच्या तोंडावर मारते."

तुमसरच्या वाटेवर गाडी उडाली. भंडारा गेलं, मोहाडी गेली. गादी शेवंताबाईनं आपल्या मांडीखाली दाबून धरली होती, आणि तरीही भूषण ताठ, आरामात बसला होता. तुमसरात शिरल्यावर त्यानं कुणालाही पत्ता विचारला नाही.

"तुले घर ठाऊक आहे का?"

"हाव."

"कसं?"

"असंच आहे ना समोर," तो म्हणाला, आणि गल्ली वळला.

मिलमागचं घर होतं. हवेत उसन्या, उकड्या तांदळाची वाफ आणि जळत्या कोंड्याचा वास. दारासमोर येताच भूषणनं दोनदा हॉर्न वाजवला, आखूड, आणि आतून दार उघडलं गेलं.

दारात एक बाई उभी होती. शेवंताबाईच्याच वयाची, हाताला पीठ लागलेलं. ही मिलवाल्याच्या घरची पार्वताबाई. तिनं शेवंताबाईकडं पाहिलंच नाही.

"आलास," ती म्हणाली.

"कोण आलास? कोणाले आलास?" शेवंताबाई गाडीतून उतरता उतरताच कडाडली. "मी शेवंताबाई, आसगावची! गाडी विकता आणि घरची चिंधी गाडीत ठेवता? एवढी अक्कल नाही राहिली या घरात?"

ती तणतणत दारातून आत शिरली आणि आडव्या लाकडावर तिचं कपाळ आदळलं. चौकट ठेंगणी होती. डोळ्यापुढं काजवे चमकले. कपाळ चोळत तिनं मागं पाहिलं.

भूषण आत येत होता. मोबाइलमध्ये पाहत, मान खाली, तिच्या मागोमाग. चौकटीपाशी तो न पाहता वाकला, न पाहता सरळ झाला, आणि थेट मागच्या पडवीत गेला. माठावरचं झाकण वाजलं.

"बसा ना, बाई," पार्वताबाई म्हणाली.

"बसायले नाही आली मी!" शेवंताबाईनं गादी तिच्या पायाशी फेकली. "घे तुहं दावं."

पार्वताबाईनं गादी उचलली, पीठ लागू नये म्हणून मनगटांनी. झटकली, बाजेवर सरळ अंथरली.

"मीच शिवली होती," ती म्हणाली. "अनुपच्या पाठीत चमक निघे. त्या दिवशी याच दारापुढं गाडी थांबली, हॉर्न वाजवला त्यानं. मी म्हटलं, हात धुवून येते. आली तं गाडी चालूच होती, आणि पोरगा मान टाकून." ती थोडं थांबली. "म्हणून विकली."

तेवढ्यात पडवीतून भूषणचा आवाज आला, "लाखोळी तं नाही ना केली?" आणि पार्वताबाई म्हणाली, "नाही रे बापा, तूर आहे."

"भूषण!" शेवंताबाई ओरडली. "चाल! आत्ताच्या आत्ता!"

तो आला नाही. तिनं पुन्हा हाक मारली. मग आत जाऊन तिनं त्याचं मनगट धरलं, लहानपणी बाजारातून ओढत न्यायची तसं. तो निमूट आला. बाजेपाशी क्षणभर थबकला, गादीवर हात ठेवला, काढला.

पार्वताबाईनं अडवलं नाही. फक्त चौकटीशी येऊन म्हणाली,

"दावं परत करणारा जनावर संगं नाही आणत, बाई. आणलं तं ते इथलंच होते."

"मले नोको शिकवू!"

तिनं भूषणला गाडीत बसवलं. स्वतः मागं बसली. दार असं आपटलं की गल्लीतलं कुत्रं उठलं.

भूषणनं गाडी फिरवली. दक्षिणेला. आसगावकडं.

शेवंताबाईनं काट्यावर डोळे रोवले.

गाडी उसळली.

काटा साठ, सत्तर. शिट्टी घुमली. मोहाडी मागं पडली. पुढं पुलाचा चढ आला आणि गाडी रिकाम्या छकड्यासारखी वर चढून गेली. मागं धुराचा पत्ता नाही.

"पायलं का!" शेवंताबाईचा आवाज आनंदानं फाटला. "त्या अश्विनले सांग, डबडं फेकून दे म्हणा! याले म्हणतात इलाज! तुह्या मायनं केला का नाही केला?"

पुढं नुसता गियर बदलला.

"बोल ना रे!"

आरशात दोन डोळे वर झाले. शांत, आदबशीर. तिच्या कपाळावरच्या टेंगळाकडं त्यांनी जरा काळजीनं पाहिलं.

"मावशी," तो म्हणाला, "आसगावात तुमाले कोणाच्या घरी सोडू जी?"

उन्हात रस्ता सरळ पडला होता. गाडी पळत होती.

"लवकर सांगा," तो नरमाईनं म्हणाला. "मले परत जाचं आहे. माय जेवाची थांबली असन."

शेवंताबाईनं तोंड उघडलं. पोरगा एकदा आपल्या दारात तरी यावा, एवढंच तिला सुचलं. बोलली, तेव्हा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"बस स्टँडच्या पुढं," ती म्हणाली. "मारुतीपासून डाव्या हाताले. मंग बोडीची पाळ, पाण्याच्या काठानं. मंग निळं दार."

आणि तो नवख्या माणसासारखा मान हलवत एकेक वळण नीट ध्यानात ठेवत गेला.