समुद्रापलीकडचा नवरा

काउंटरवर कोट टाकून उभं असलेलं गिऱ्हाईक माझा नवरा निघालं!

एरवी मी पुढे येतच नाही. त्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात माझी जागा पडद्यामागे, वाफेच्या इस्त्रीपाशी. पण त्या दुपारी मालकीणबाई जेवायला गेल्या होत्या. बाहेर कुणीतरी काउंटरवर बोटं वाजवली आणि मी कपाळावरचा घाम पुसत पुढे आले. आधी कोट दिसला. करड्या रंगाचा, कोपरापाशी चुरगळलेला. हा कुठंतरी पाहिलाय, असं मनात आलं... आणि मग मी मान वर केली.

दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, पण तोच! आदल्या संध्याकाळी फोनवर जो मला म्हणाला होता, ‘इकडे आत्ता सकाळ झालीय, खिडकीबाहेर नुसता बर्फ आहे’ – तो माझा समुद्रापलीकडचा नवरा आमच्याच शहरात, माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

“तू?” मी म्हणाले.

“तू... इथे?” तो म्हणाला.

तसं बघितलं तर मीही काही कमी नव्हते. या वेळी मी भाषेच्या क्लासला असते, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. घरीही तेच. आणि आता मी त्याच्यासमोर उभी होते ती दुसऱ्यांच्या कपड्यांच्या वासात, केस चिकटलेले, हातात स्टार्चची बाटली. कुठं तोंड लपवावं कळेना. त्यालाही कळत नव्हतं. तो आपल्याच कोटाच्या बटणांकडे बघत राहिला.

तेवढ्यात एक आजोबा पडद्यांचं गाठोडं घेऊन आत आले. “तुम्ही रांगेत आहात का हो?” त्यांनी त्याला विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “म्हणजे... बराच काळ थांबलोय. तुम्ही व्हा पुढे.”

मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळेही भरून आले. आजोबांची पावती लिहिताना अक्षरं उलटसुलट झाली. “पोरी, पदडे नाही, पडदे!” म्हणत त्यांनी ती दुरुस्त करून घेतली आणि गेले.

पुन्हा आम्ही दोघंच. मी गिऱ्हाइकाशी बोलतात तशी बोलले. “काय नाव लिहू?”

“नवरा लिही.”

“तो तर परदेशात असतो.”

“मग नुसतं कोट लिही,” तो अगदी हळू म्हणाला. “उद्यापर्यंत मिळेल का? मुलाखत आहे माझी.”

मुलाखत! आमच्या घरात मुलाखत म्हणजे एकच. माझ्या व्हिसाची.

लग्नानंतर आम्ही जेमतेम काही आठवडे एकत्र होतो, त्यातले निम्मे पाहुण्यारावळ्यांत गेले. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. तिकडच्या उंच इमारतींमधल्या नोकरीवर तो परत गेला आणि बायको म्हणून मी मागाहून जायचं ठरलं. कागदपत्रं गेली, फी भरली, राहिली फक्त वकिलातीतली मुलाखत. ‘तारीख लवकरच कळवू,’ असं उत्तर आलं. त्या ‘लवकरच’वर भरवसा ठेवून मी बालवाडीतली नोकरी सोडली. माझा निरोप समारंभ झाला. पोरांनी गाणं म्हटलं, मुख्याध्यापिकाबाईंनी चाकांची मोठी बॅग दिली, आणि मी चक्क भाषण केलं. ‘जिथे जाईन तिथे तुम्हाला विसरणार नाही’ वगैरे! घरी माझी खोली दादा-वहिनीला दिली. काही दिवसांचाच प्रश्न म्हणून मी हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागले.

आणि तारीख आलीच नाही.

“अगं, तू अजून इथेच?” भाजीवाली विचारायची. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या. माझ्या विद्यार्थ्यांच्या आया तर रस्ता ओलांडून येऊन विचारायच्या. सुरुवातीला मी ‘पुढच्या महिन्यात’ म्हणायचे. मग पुढचे महिनेही संपले. एकदा मुख्याध्यापिकाबाई समोरून येताना दिसल्या, तर मी नळांच्या दुकानात शिरले आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत नळ सोडत-बंद करत बसले. मित्र चौकशी करतात म्हणून बाबांनी सकाळचं बागेत जाणं सोडलं. वहिनी माझ्यासमोर कपाट उघडताना ओशाळायची, आणि तिला ओशाळलेलं बघून मी. घरात मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

शेवटी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला हे काम धरलं. पडद्यामागचं. इथे मला कुणी ओळखत नव्हतं... हा येईपर्यंत.

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर तो मागच्या गल्लीत उभा होता. “बोल,” मी म्हणाले.

त्याच्या कंपनीचं काम उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच हातातून गेलं होतं. माणसं कमी केली, त्यात तो. नोकरी नाही तर तिथे राहता येत नाही. तो परत आला आणि टायरच्या दुकानावर एका मित्राची खोली होती, तिथे लपून राहिला. त्याच्या आईवडिलांनाही ठाऊक नव्हतं.

“आणि बर्फ?”

“संध्याकाळी शीतगृहात काम करतो. तिथे एक छोटी खिडकी आहे. तिच्यातून बघितलं की...”

“सकाळ झालीय म्हणालास!”

“ते मात्र खोटं होतं.”

“मला का नाही सांगितलंस?”

तो म्हणाला, “तू नोकरी सोडलीस, खोली सोडलीस... माझ्यापायी. आणि मी येऊन काय सांगू? की तिकडे आता तुझी वाट बघणारंच कुणी नाही?”

“अर्जाचं काय?”

“चालूच आहे. त्यांना अजून कळवलं नाही मी.”

मी पाठ फिरवून निघाले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. राग होता, पण खरं सांगू? रागाच्या खाली काहीतरी वेगळंच होतं. तो इथे आहे! एका बसच्या अंतरावर! असं वाटलं म्हणून मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो कोट न्यायला आला, आणि तिसऱ्या दिवशी शर्ट घेऊन आला.

“काय झालं नोकरीच्या मुलाखतीचं?”

“कळवू म्हणाले.”

“लवकरच?”

“लवकरच.”

आणि आम्ही दोघंही हसलो. लग्न झाल्यापासून एकाच गोष्टीला एकाच वेळी हसण्याची ती पहिलीच वेळ असावी. मग तो रोज यायला लागला. एक शर्ट. एक रुमाल. एकदा एक मोजा.

“एकच?” मी विचारलं.

“दुसरा उद्या.”

“मोजे आम्ही घेत नाही.”

“मग नुसता बघून घे... खराब झालाय का ते.”

“मोजा ठीक आहे. तुमचंच काहीतरी बिघडलेलं दिसतंय.”

“तेच दाखवायला रोज येतोय.”

वाफ अंगावर घेत मी पडद्यामागे पळाले. मालकीणबाई म्हणाल्या, “हा माणूस वेडा आहे की तुझ्या प्रेमात पडलाय?”

“माहीत नाही हो. लग्न झालेलं दिसतंय त्याचं.”

“मग मेला नुसताच वेडा असेल.”

दुकान सुटल्यावर, त्याची शीतगृहातली पाळी सुरू होईपर्यंत, आम्ही भेटायचो. पण कुठे? ओळखीचं कुणी दिसलं तर? सगळ्यांच्या लेखी तो समुद्रापलीकडे होता. मी तोंडाला ओढणी बांधायचे, तो टोपी पुढे ओढायचा. रीतसर लग्न झालेली दोन माणसं चोरासारखी शेवटच्या थांब्यापर्यंत बसनं जायची! मग त्यानंच जागा शोधून काढली. मोठ्या इस्पितळाची लिफ्ट. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. गर्दी उतरली की दोन मजल्यांपुरते आम्ही एकटे असायचो. तो भिंतीला कान लावायचा.

“काय म्हणतेय?”

“दोर कुरकुरतोय. थकलीय बिचारी.” मग माझा हात हातात घेऊन, “कुठला मजला बाईसाहेब?”

“कुठलाही... पण हळू.”

तो कुत्र्यांना घाबरतो, खाताना गुणगुणतो, आणि लाजला की त्याचा डावा कान तेवढा लाल होतो – हे सगळं मला तिथे कळलं. फोनवर कान दिसत नाहीत.

आणि एका सकाळी बाबा मोठ्यानं ओरडले, “आली! तारीख आली!”

आई स्वयंपाकघरातून धावत आली. दादानं मला उचललंच. खालच्या काकू वर आल्या, वहिनी माझ्या गळ्यात पडली. सगळे एकदम बोलत होते. बाबांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला, तो घातला, भांग पाडला आणि किती महिन्यांनी बागेकडे निघाले. मी गॅलरीतून बघत होते. ताठ मानेनं चालले होते ते. दिसेल त्याला थांबवून सांगत होते. त्यांची ती ताठ मान बघून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

संध्याकाळी लिफ्टमध्ये मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “जा मुलाखतीला. मी तिकडे पुन्हा नोकरी मिळवीन. तोवर कुणी विचारलं नाही तर...”

“नवरा कुठे असतो, हे विचारणारच ते. काय सांगू? टायरच्या दुकानावर?”

त्यानं मान खाली घातली.

“घरी सांगू या,” मी म्हणाले. “दोघं मिळून.”

“तुझ्या बाबांसमोर कसा उभा राहू मी? मला लाज वाटते गं...”

“मला वाटत नाही?”

दार उघडलं. तो बाहेर पडला आणि मागे न बघता चालू लागला.

त्यानंतर तो दुकानात आलाच नाही. फोन बंद. काउंटरवर कुणी बोटं वाजवली की मी पडद्यामागून डोकावायचे, आणि कुणीतरी दुसरंच असायचं. मालकीणबाईंनीही विचारलं नाही. घरी माझ्या बॅगेत काय काय भरायचं याची चर्चा रंगली होती. मी मान डोलवायचे आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायचे. गेला पळून, असं मनाशी पक्कं धरलं. शेवटी ठरवलं, आज एकटीनंच सांगून टाकायचं.

त्या संध्याकाळी घरी पोचले, तर हॉलमध्ये, माझ्या दिवाणावर, तो बसला होता. दाढी केलेली, हात गुडघ्यांवर. बाबा खिडकीशी पाठमोरे उभे होते. दादा-वहिनी भिंतीला टेकून.

“तुझा नवरा म्हणतोय, मुलाखतीला जायचं नाही,” बाबा न वळता म्हणाले. “तुला हे सगळं ठाऊक होतं?”

“नाही,” तोच घाईनं म्हणाला. “तिला काहीच ठाऊक नव्हतं. माझं एकट्याचं–”

“होतं,” मी म्हणाले. “आणि बाबा, मी क्लासलाही जात नाही. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इस्त्री करते.”

आई दारात आली. “इस्त्री? घरी स्वतःचा रुमाल कधी केला नाहीस!” म्हणाली, आणि तिथेच पदर तोंडाला लावून बसली.

“आता लोकांना काय सांगू मी?” बाबा म्हणाले. “सगळ्या बागेला सांगून आलो...”

“माझ्यामुळे झालं म्हणून सांगा,” तो उठून उभा राहिला. “हवं तर मी येतो तुमच्याबरोबर. मीच सांगतो.”

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. रागानं की कशानं, कळलं नाही. मग ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

आई डोळे पुसत म्हणाली, “जेवून तरी जा.”

“आज नको, आई. आज घास उतरायचा नाही,” तो म्हणाला आणि चपला घालायला लागला. त्याचा डावा कानच काय, सगळा चेहरा लाल झाला होता.

“थांब,” मी म्हणाले. “मीही येते.”

चाकांच्या बॅगेला मी हात लावला नाही. एका पिशवीत चार कपडे टाकले. वहिनीनं गुपचूप तिची एक नवी चादर वर ठेवली आणि माझं मनगट दाबलं. आम्ही जिना उतरत होतो तेवढ्यात वरून बाबांचा आवाज आला. कठड्यावरून वाकून, घसा खाकरून ते म्हणाले, “रविवारी... दोघं जेवायला या.” आणि लगेच आत गेले.

रस्त्यात मी त्याला विचारलं, “इतके दिवस होतास कुठे?”

“माझ्या घरी. आधी तिथे सांगितलं. म्हटलं, तिथे नीट बोलता आलं तर तुझ्या बाबांपुढेही जमेल.”

“मग?”

“आईनं जेवायला वाढलं. पण बोलली नाही... फोन काढून बघायचीही हिंमत झाली नाही माझी.”

मी ओढणी बांधली नव्हती. त्यानं टोपी घातली नव्हती. समोरून दोनदा ओळखीचे चेहरे आले. दोन्ही वेळा माझे पाय अडखळले, आणि दोन्ही वेळा त्यानं माझी पिशवी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

मित्रानं खोली लगेच आमच्यासाठी मोकळी करून दिली. एक खुर्ची, एक गादी, एक उघडी खिडकी, रबराचा वास, आणि खाली हवा भरायच्या यंत्राची घरघर. मी वहिनीची चादर अंथरली. तो दाराशीच उभा.

“एक गोष्ट मी तुला फोनवर कधी बोललो नाही,” तो म्हणाला. “बाकी सगळं खोटं सांगत होतो ना... त्यात ती मिसळायला नको वाटलं.”

“मग आता सांग.”

त्यानं सांगितलं. नेमकी तेव्हाच खालची घरघर वाढली. मला नुसते ओठ हललेले दिसले.

“ऐकू नाही आलं.”

“पुन्हा सांगायची लाज वाटते गं.”

“मलाही वाटतेय... तरी सांग.”

यंत्र एकदम थांबलं. त्याचं वाक्य मात्र थांबलं नाही – इतक्या मोठ्यानं निघालं की खाली टायरपाशी वाकलेला मेकॅनिक वर बघून हसला.

मी खिडकी लावली नाही.