पल्याड

डबा उघडून शर्वाणी टिपणीसने पहिला घास घेतला, तेव्हा समोरच्या पडद्यावर कोकण आक्रसत होतं. हे काम ‘गाळणी’ नावाची प्रणाली करायची. नकाशाचं प्रमाण लहान होत गेलं की त्यात सगळं मावत नाही, नावांवर नावं चढतात. मग गाळणी पायवाटा पुसायची, खाडीची वळणं सरळ करायची आणि लोकांच्या बोलण्यात क्वचित येणाऱ्या गावांची नावं गाळायची. तिच्यावर देखरेख ठेवणं, म्हणजे बहुतेक दिवस नुसती मान डोलावणं, हे शर्वाणीचं काम.

मदतकक्षाने एक फोन तिच्याकडे वळवला.

“मॅडम, मी मंदाकिनी पाष्टे, पल्याडची आरोग्यसेविका. सुमित्राला फुरसं चावलंय. सापाच्या विषावरचं औषध मागवलं, तर तुमचं ते औषध आणणारं ड्रोन मलाच विचारतंय, कशाच्या पल्याड?”

“बरोबर आहे त्याचं. खाडीच्या पल्याड कुठलं गाव?”

“पल्याडच.”

“अहो, पण गावाचं नाव?”

“नावच पल्याड हाय, मॅडम. अकरा घरं हायत. आमी नाय ठेवलं, अल्याडच्यांनी ठेवलं.”

शर्वाणीला स्वतःचीच लाज वाटली. मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर तिला अकरा घरं दिसली, शेजारी नावही. नकाशा लहान केला आणि दोन्ही गायब. ड्रोन हाच हलका नकाशा घेऊन उडायचं. गाळणीने कारणही लिहून ठेवलं होतं : ‘पल्याड. दिशादर्शक शब्द. उच्चार मोजले नाहीत.’ आसपासची माणसं दिवसातून शंभरदा घेत होती ते नाव, पण गाळणीच्या लेखी ते नावच नव्हतं.

तिने पल्याडवर ‘खिळा’ ठोकला. खिळा ठोकलेलं नाव गाळणीला काढता येत नाही. बाविसाव्या मिनिटाला औषध सुमित्राच्या अंगणात उतरलं. डब्यातली भाजी तोवर निवून गेली होती.

संध्याकाळी मंदाकिनीचा पुन्हा फोन आला; सुमित्रा तिच्या शेजारीच होती. या वेळी आवाज सुमित्राचा होता, दमलेला.

“डॉक्टर म्हनले, वाचलीस. तुमच्यामुळे, मॅडम.”

“माझ्यामुळे नाही. मंदाकिनीताईंनी फोन ठेवला असता तर मी जेवत बसले असते. मीच तुमची आभारी आहे,” शर्वाणी म्हणाली.

तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली : ‘पल्याडसाठी जागा केली. गाळलेले नाव : खालची पाखाडी.’

शर्वाणीने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिने ते दोघींना खरं खरं सांगितलं.

“खालची पाखाडी?” मंदाकिनी म्हणाली. “सात घरं हायत तिथं.”

थोडा वेळ पलीकडे कुजबुज झाली. मग सुमित्राचा आवाज आला. “मॅडम, आमचं नाव वाईच बारीक लिवा की. दोघं मावतील.”

“अक्षरं याहून लहान करता येत नाहीत हो. वाचता आली पाहिजेत.”

“कोनाला?”

शर्वाणीने अक्षरांच्या आकाराचा नियम उघडला. नियम माणसाच्या डोळ्यांसाठी केलेला होता आणि आजवर त्यात कोणाला काही वावगं दिसलं नव्हतं, तिलाही नाही. तिने खालच्या पाखाडीवर खिळा ठोकला. दोन्ही नावं एकमेकांवर चढली, माणसाला वाचता येऊ नयेत अशी.

मग तिने गाळलेल्या नावांची यादी उघडली. हा हलका नकाशा वाचणाऱ्या ड्रोनला डोळे नव्हतेच; एकमेकांवर चढलेली नावंही त्याला चालली असती. मग इतकी वर्षं नावांमधली ही मोकळी जागा आपण राखली, ती कोणासाठी?