एकशे वीस फुलांची चादर

दोरा आणायला मी स्वतः नरसापूरला गेले होते. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. बदकांचा थवा कालव्यावरचा रस्ता अडवून बसला होता आणि बसवाला त्यांना आईबापांवरून शिव्या देत होता. मी खिडकीशी पिशवी मांडीवर घेऊन खुशीत होते.

"अच्चायम्मा, एवढा भारी दोरा? तुझा एजंट तर हलका देतो," दुकानदार म्हणाला.

"एजंटासाठी नाही. माझ्यासाठी. मला चादर करायचीय."

त्याची बायको आतून डोकावली. "या वयात नवरा केलास की काय मावशी?"

"नवरा केला असता तर उबेला चादर कशाला लागली असती," मी म्हटलं, आणि दोऱ्याचे गुंडे स्वतः निवडून घेतले.

त्यांना हसू येणार हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे क्रोशाची चादर कुणी स्वतःसाठी करत नाही. एक बाई जन्मभर फुलंच विणते, दुसरी पानं, तिसरी किनार. मी जोडकाम करणारी. फूलवाली मरते, पण तिनं पुरी चादर पाहिलेली नसते. मी पाहिल्या, शेकड्यांनी पाहिल्या; सगळ्या बोटीनं परदेशी पलंगांवर गेल्या. आम्ही पांघरतो त्या जुन्या साड्यांच्या गोधड्या. त्र्याहत्तराव्या वर्षी मी ठरवलं, बास. आता एक माझ्या पायांवर.

मी शाळेत गेले नाही. पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले, आणि चैन कशी करायची तेही माझं मीच शिकले. दुपारी तीन वाजले की दाट कॉफी, रेडिओ आणि आठवड्यातून एकदा पूतरेकू. कागदासारख्या पापुद्र्यात तूप-साखर, जिभेवर ठेवायच्या आत विरघळणारं. त्या तासाला देव जरी आला तरी ओट्यावर बसेल, असं मी आळीला सांगून ठेवलं होतं. फक्त चिट्टम्माला मुभा होती.

चिट्टम्मा शेजारच्या गंगराजूची बायको. तीस-बत्तीस वर्षांची, बारा पाकळ्यांचं फूल विणायची. प्रत्येक बाईचा हात वेगळा असतो. डोळे मिटून बोट फिरवलं तरी मी सांगेन कुणाचं फूल आहे ते. चिट्टम्माचा हात असा घट्ट की फूल जमिनीवर टाकलं तर वाजेल असं वाटावं. आमचा करार ठरला होता, एका फुलाला एक पेला कॉफी. तीनला ती परसदारी दोन टिचक्या मारायची. मी कडी काढायची, आणि ती स्वयंपाकघरातच पाटावर बसायची.

"आत्या, साखर अजून एक चमचा."

"फुलाला पाकळ्या बारा आहेत, म्हणून साखरेला चमचे बारा नाहीत."

"मग उद्या अकरा पाकळ्यांचं आणते. बस रडत."

पेला ती दोन्ही हातांनी धरायची, कारण डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. गंगराजूनं ती दारात चिरडली होती. "दोरा अडकवायला बरं पडतं," असं म्हणून हसायची. कोळंबीच्या तळ्यावर तो राखणदार होता. रात्री जागायचा, दिवसा प्यायचा आणि दुपारी मारायचा.

मी तीनदा मध्ये पडले. तिसऱ्या वेळी तिनं नळावर, सगळ्या बायांदेखत, मला सुनावलं. "आत्या, माझ्या घरात नाक खुपसू नकोस. तुला ना नवरा, ना मूल, तुला काय कळणार."

बाया पदराआड हसल्या. मी हंडा उचलला आणि घरी आले. पुढचे चार दिवस ती फिरकली नाही, मीही हाक मारली नाही. तोवर एकशे तेरा फुलं आली होती. सात हवी होती.

पाचव्या दिवशी तीनला परसदार वाजलं. टिचक्या नव्हत्या. दोन्ही तळहात फळीवर आपटत होते.

"आत्या... दार..."

कॉफी नुकतीच ओतली होती. मागून गंगराजूचं गुरगुरणं येत होतं. मला सगळं समजलं होतं. न समजल्याचं सोंग मी तेव्हा केलं, आज करणार नाही. मी पेला हातात घेऊन बाहेरच्या खोलीतूनच म्हटलं, "कॉफी संपली. घरी जा."

मग मुसळ. पहिला घाव फळीवर बसला, भांडी हादरली. दुसरा फळीवर बसला नाही. आवाज ओला होता, पिकलेला फणस दगडावर पडावा तसा. तिसरा, चौथा. हात फळीवरून घसरत खाली गेल्याचं ऐकू आलं, नखं ओढल्यासारखं. मी रेडिओ मोठा केला.

गाणं संपल्यावर गंगराजूनं अगदी अदबीनं हाक मारली. "आत्या, जरा बादली देतेस? आमची गळकी आहे."

आणि मी दार उघडलं. तिला नाही उघडलं, त्याला उघडलं. खाली न बघता बादली दिली आणि पुन्हा कडी घातली.

चिट्टम्मा कालव्याच्या घाटावर पाय घसरून पडली, डोकं पायरीवर आपटलं, असं आळीनं ठरवलं. भिंती आमच्या सामाईक आहेत. ऐकलं सगळ्यांनी, बोललं कुणी नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझा डोळा लागला होता.

दहावं झाल्यावर समोरची सुगुणा माझ्याकडे आली. "आत्या, तिची फुलं तुझ्याकडे आहेत ना? उसव. दोरा कालव्यात सोड."

ही आमची जुनी रीत. फूल पुरं झालं की फूलवाली शेवटी वीतभर दोरा मोकळा सोडते. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. त्या शेपटानंच जोडणारी एक फूल दुसऱ्याला बांधते. ते बांधेपर्यंत फूल विणणारीचं असतं. मेलेल्या बाईचं शेपूट बांधायचं नाही. बांधलं तर तिचा हात कामातच राहतो.

"बघते," मी म्हटलं.

मी उसवलं नाही. एवढी सुरेख फुलं मोडली तर तिचं या जगात काय उरणार, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण साधं होतं, मला चादर हवी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पहिलं शेपूट बांधलं.

तीनला परसदार वाजलं. तळहातांनी.

मी उठले नाही. थोड्या वेळानं आवाज थांबला तेव्हा स्वयंपाकघरात गेले. दाराच्या तळाशी, आतल्या बाजूला, एक फूल पडलं होतं. दाराखालच्या फटीतून कुणीतरी सरकवल्यासारखं. बारा पाकळ्या. मी बोट फिरवलं. हात तिचाच होता, फक्त दोरा माझ्या गुंड्यातला नव्हता. निळा चौकड्याचा, लुंगीचा होता.

घाबरले नाही असं म्हणणार नाही. पण करार म्हणजे करार. मी कॉफी केली, साखर दोन चमचे जास्त घातली, पेला दाराशी ठेवला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. तासाभरानं पेला रिकामा होता. तळाशी एक दात होता, मुळासकट.

दुसरं फूल आलं ते कमरेच्या काळ्या करगोट्याचं. तिसरं केसांचं, आखूड, राठ, पुरुषी केसांचं. प्रत्येक खांबाच्या, म्हणजे उभ्या टाक्याच्या, मुळाशी टाळूचा पांढरा कण चिकटलेला. आळीत कुजबुज सुरू झाली होती की गंगराजूला काहीतरी रोग लागलाय, डोक्याचे पुंजके जाताहेत. चौथ्या फुलाचा दोरा मी ओळखला नाही. पिवळट, पातळ, ताणलं की ताणणारा. रॉकेलच्या दिव्यापाशी धरला तेव्हा त्यावर बोटांच्या ठशासारख्या रेषा दिसल्या. पाचवंही तसंच होतं.

मी ती सगळी बांधली. बांधताना एकही गाठ सरकली नाही.

सहाव्या दिवशी अडीच वाजता गंगराजू समोरच्या दारानं आत आला. डोक्याला फडकं, दोन्ही पंजांना केळीची पानं गुंडाळलेली. अंगाला मासळी सडल्याचा वास. उंबऱ्यातच तो गुडघ्यांवर बसला.

"आत्या, उसव ते."

"काय उसवू?"

"तुला माहीत आहे." त्यानं गुंडाळलेले पंजे वर केले. "रोज दुपारी येते. आकडी घालते आणि ओढते. कानाशी मोजते... साखळी पाच, खांब तीन... चुकलं की उसवते, पुन्हा पहिल्यापासून..."

"ती कधी चुकायची नाही."

"आत्या, पाया पडतो तुझ्या."

"पड."

पाच शेपटं सोडली असती तर तो वाचला असता. हे मी लपवत नाही. चादर माझ्या मांडीवर होती, कात्री हाताशी होती. त्यानंही ते पाहिलं. पुढच्या क्षणाला त्यानं माझा अंबाडा धरून मला जमिनीवर आपटलं. कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं. पानं गुंडाळलेले हात माझ्या गळ्याभोवती आवळले गेले, आणि त्या हातांना कातडी नव्हती. पानांखाली सगळं ओलं, निसरडं होतं.

"थेरडे, तू पण ऐकत होतीस," तो म्हणाला. "तू बादली दिलीस."

माझ्या मुठीत क्रोशाची पोलादी सुई होती. मी ती त्याच्या गालात घुसवली, दातांवर खटकन लागेपर्यंत, आणि आमच्या कामात ओढतात तशी आकडीनं ओढली. तो कसायाच्या बोकडासारखा ओरडला, गाल धरून पळत सुटला. मी उठले, कपाळावर पदर दाबला. भिंतीवरचं घड्याळ बघितलं तर तीनला पाच कमी. चुलीवर आधण ठेवलं.

त्या दुपारी सहावं फूल आलं. त्याचं वर्णन मी करणार नाही.

सातव्या दिवशी तो कोळंबीच्या तळ्याच्या बांधावर सापडला. अंगावर मोठी जखम नव्हती, फक्त गालाची. ती कुत्र्याची असेल असं लोक म्हणाले. पोट मात्र रिकाम्या पोत्यासारखं पाठीला टेकलं होतं. ज्यांनी त्याला उचललं ते सांगत होते, मूल उचलल्यासारखा हलका लागला. माझ्या दाराच्या तळाशी सातवं फूल पडलं होतं. आतड्याच्या ताणलेल्या तातीचं, गुलाबी, अजून कोमट. मी हात धुतले, बसले आणि ते शेवटच्या कोपऱ्यात बांधलं. एकशे वीस.

चादर पायांवर घेतली. किती वर्षांची थंडी त्या दुपारी माझ्या हाडांतून गेली, काय सांगू. कॉफी घेतली, पूतरेकू खाल्लं. सुख म्हणजे हेच, असं वाटलं.

आणि परसदार वाजलं.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. फूल नाही, काही नाही, नुसते तळहात. पेला भरून ठेवला तर तसाच गार होऊन साय धरायचा. तिसऱ्या दिवशी माझा संयम सुटला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "गेला ना तो? तुझ्या हातानं गेला, मी बांधून दिला. आता आणखी काय हवंय बाई?"

आवाज थांबला. मग अगदी हळू, दोऱ्याएवढा बारीक आवाज आला.

"आत्या... दार..."

तेव्हा मला कळलं. गंगराजूचं काय व्हायचं ते होवो, तिला हवं होतं ते एवढंच, आणि ते मी अजून दिलं नव्हतं. हे दार उघडलं तर माझ्या वाट्याला काय येईल, हे मला गंगराजूच्या पंजांवरून ठाऊक होतं. पण मी अच्चायम्मा आहे. एकदा भित्रेपणा केला, तो जन्माला पुरला.

मी चालत गेले. फळी पुन्हा धडधडायला लागली. कडीला हात लावला तेव्हा एक गोष्ट जाणवली, पण तिचा अर्थ लागायला क्षणभर लागला. घाव बसला की फळी माझ्याकडे येत नव्हती. बाहेर जात होती.

कडी काढली, दार ओढलं. बाहेर लखलखीत ऊन. परसातली धूळ झाडूच्या रेघांसकट जशीच्या तशी होती, तिच्यावर पाऊल नव्हतं. मग मी दाराच्या आतल्या अंगाकडे पाहिलं. जमिनीपासून कडीपर्यंत, एकावर एक, तांबूस तळहात उमटले होते. काही वाळून काळे पडलेले, तर काही अजून ओघळत होते.

भुताला आत यायला दार लागत नाही, हे एवढं पुडीच्या कागदावरही वाचलं होतं मी.

त्या दिवसापासून परसदार मी लावत नाही. कुत्री येतात, कोंबड्या येतात, सुगुणा ओरडते की आत्या चोर शिरेल. वाजणं थांबलं आहे. पण त्या दारातून कुणी बाहेर गेल्याचं मी काही पाहिलेलं नाही. दुपारी तीनला कॉफी घेऊन बसते आणि घडी घातलेली चादर पायांवर ओढते, तेव्हा ती आधीच गरम असते.