मण्यार की कवड्या?

काळा साप, अंगावर पांढरे पट्टे. सांगा, विषारी की बिनविषारी? घाई करू नका. घाई टिपूने केली होती आणि ती आमच्या चांगलीच अंगाशी आली.

टिपू हा माझ्या शास्त्रज्ञ आजोबांनी बनवलेला यंत्रमानव. साप पाहिला की तो नाव सांगायचा आणि गावात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या सकाळी आजोबा चटईवरून उठताना त्यांच्या पायाला साप चावला आणि मोरीतून निघून गेला. टिपूने फोटो टिपला आणि जाहीर केलं, "कवड्या. बिनविषारी." पाय दुखत नव्हता, सूजही नव्हती. आजोबांनी चहा मागितला.

मी फोटो मोठा करून पाहिला. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. इथे सगळं उलटं होतं. मानेमागचा भाग नुसता काळा, पट्टे त्याच्यानंतर सुरू झालेले आणि शेपटीकडे ठळक. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी (सहा बाजूंच्या) खवल्यांची रांग होती. ही मण्यार होती.

आजोबा हसले. टिपूने हजारो फोटो पाहिलेत, तू किती पाहिलेस, असं त्यांनी विचारलं. मग मीही ऐकवलं. मण्यारीचा चावा बहुधा दुखत नाही, सुजत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तिचं विष मज्जातंतूंवर (मेंदूचे निरोप पोचवणाऱ्या तंतूंवर) घाला घालतं आणि मग श्वासच थांबतो. टिपू मात्र रुग्णवाहिका बोलवायला तयार नव्हता, त्याच्या मते गरजच नव्हती. मी त्याला सरळ बंद केलं आणि माझ्या फोनवरून गाडी बोलावली.

"वेणू, हा उद्धटपणा आहे," आजोबा म्हणाले.

"आहे. गाडीत बसा."

बिनचालकाची गाडी घाटात असतानाच त्यांच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली. मी खूप घाबरले होते. दवाखान्यात त्यांना लगेच प्रतिविष (सापाच्या विषावरचं औषध) दिलं, श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. काही दिवसांनी आजोबा घरी आले.

टिपू चुकला कसा? त्याला शिकवायला गावकऱ्यांनी सापांचे फोटो नावांसकट पाठवले होते. आजोबांना बघायला आलेल्या शेजारच्या हौसाकाकूंनी खाली मान घालून सांगितलं, "तिचं नाव न्हाई घेत आमी. घेतलं की ती घरात येती म्हनत्यात. म्हनून कवड्या लिवलं." बहुतेकांनी तसंच केलं होतं. यंत्र तेच शिकतं, जे आपण शिकवतो. मला इतका राग आला, की मी काकूंसमोरच मण्यारीचं नाव मोठ्याने घेतलं.

आता आम्ही सगळ्या फोटोंना खरी नावं देतोय. काकू एकेक पट्टा बघून बिनधास्त 'मण्यार' म्हणतात. टिपूला नवा नियमही घालून दिलाय, साप चावला की आधी दवाखाना, ओळख नंतर.

परवा आजोबांनी मला विचारलं, "आणि तो खरंच कवड्या असता तर?"

"तर तुम्ही चिडला असता, मला बोलणी बसली असती आणि आपण दोघं जेवायला घरी आलो असतो."