साहेबाच्या गुत्त्याचा उंबरठा

पटो न पटो, हे घडलेलं आहे. साल १९७४, चैत्र महिना, साकोलीजवळचं आमचं गाव. ज्याच्यावर बेतलं तो टिकाराम सुतार माझा सख्खा मामा.

साकोलीच्या रस्त्यावर फार पूर्वी एका इंग्रज साहेबानं त्याच्या गावाकडे असतो तसा दारूचा गुत्ता बांधला होता. वाकून आत जावं असं दार, डोक्याला लागतील अशा सागवानी तुळया, आणि आपल्या उन्हात कुणालाही नको असलेली शेकोटीची चिमणी. दारापासून सात पावलांवर दारूचा ओटा, गिऱ्हाईकं उभ्यानं प्यायची तो. ती पडकी इमारत उतरवायचं काम टिकाराम आणि त्याचा जोडीदार धनीराम यांना मिळालं.

बुटांनी मधोमध झिजलेला तिथला उंबरठा टिकारामच्या मनात भरला. त्यानं तो आपल्या घराला बसवला.

तिसऱ्या दुपारी तो घरी आला, तर उंबरठ्यावर…

ओला चिखल. खिळे मारलेल्या बुटाचा ठसा.

पावसाचा थेंब नव्हता. आणि गावात बूट घालणारा एकच, धनीराम.

"कोन आला होता?"

"कोनीच नाही जी," त्याची बायको कुंताबाई म्हणाली. "मी तं रानात मोहा येचाले गेली होती. मले काहून असे पुसता?"

रोज दुपारी ठसा. रोज तोच प्रश्न.

शेवटी टिकाराम धनीरामचं नाव घेऊन नको ते बोलून गेला. कुंताबाई भांडली नाही. गठुडं बांधलं आणि आंबागडला माहेरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप होतं. तरी ठसा होताच…

मग टिकारामनं घरभर धानाचा कोंडा पसरला, कुलूप लावलं आणि धनीरामला शेजारी घेऊन समोरच्या कडुनिंबाखाली बसला. दुपार सरली. कुणी आलं नाही.

कुलूप उघडलं…

कोंड्यात पंधरा-वीस जणांचे बूट उमटले होते. सात पावलं आत. तिथं सगळे ओळीनं थांबलेले, तोंडं भिंतीकडे. ओट्यापाशी माणसं उभी राहतात तशी.

त्या भिंतीशी कुंताबाईची चूल होती.

बाहेर येणारं पाऊल एकही नव्हतं.

टिकारामनं पहारीनं उंबरठा उखडला, तलावात बुडवला आणि तडक आंबागड गाठलं. सगळं सांगून बायकोपुढं हात जोडले. "चुकलो मी. घरी चाल. उंबरठाच काढून टाकला, आता काही भेव नाही."



कुंताबाई हळूच म्हणाली, "सारे आतच गेले म्हन्ता नं? त्यायचा उंबरठा तं तुमी बुडवला… आता ते निंगतीन कुठून?"

दोघांनी आंबागडलाच संसार मांडला. ते घर अजून बंद आहे. गावी गेलो की मी कुलूप जागेवर आहे ना, एवढं लांबूनच बघतो. दाराला कान लावायची हिंमत आजवर झालेली नाही.