जयसिंगचा खोकला

भरे गावात माझा एकच पेशंट होता, जयसिंग. उरवड्याच्या एका कारखान्यावर पत्रे बसवताना तो खाली पडला आणि मानेतला मज्जारज्जू दुखावला. खांद्याखालचं शरीर आता त्याचं ऐकत नव्हतं. मी फिजिओथेरपिस्ट. दर मंगळवारी सकाळी पिरंगुटहून स्कूटरवर जायचे, त्याचे सांधे हलवायचे, छाती मोकळी करायचे.

त्या मंगळवारी अंगणात त्याची आई सारजाबाई मेंढरांना पाणी पाजत होती. आतून खोकल्याचा आवाज आला. खणखणीत, पोटातून उठलेला.

"कालपास्नं असंच चाललंय," ती म्हणाली. "पाव्हण्यांनी सर्दी आणली घरात. समद्यांना झालीय. ह्यो बी खोकतोय."

मी पायरीवरच थांबले. जयसिंगला खोकता येत नव्हतं. खोकायला पोटाचे स्नायू लागतात, ते त्याचे निकामी होते. कफ अडकला की मी त्याच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवून दाबायचे, तेव्हा कुठं एक बारीक खाकरा निघायचा.

आत तो खाटेवर अर्धवट डोळे मिटून पडला होता. त्याची बायको साधना पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून आली.

"ताप न्हाई, मॅडम. मघाशीच बघितला. आन पाय बघा की, सकाळपास्नं हलत्यात!" तिचा चेहरा उजळला होता.

पाय खरंच हलत होते. गुडघे झटक्यानं वर यायचे, थरथरायचे, आपटायचे. पण ते बरं होण्याचं लक्षण नव्हतं. अशा माणसाला फुप्फुसाची लागण झाली तर कधीकधी ताप येत नाही, खोकला येत नाही. झटके वाढतात, आवाज बारीक होतो, माणूस पेंगतो. मी जयसिंगला एका श्वासात आकडे म्हणायला सांगितले. मागच्या खेपेला तो वीसपर्यंत गेला होता. आज पाचावर अडला. बोटाला यंत्र लावलं, तर ऑक्सिजन सत्त्याऐंशी.

"गाडी बोलवा. आत्ता."

तेवढ्यात पुन्हा खोकला आला. मी जयसिंगच्या तोंडाकडेच बघत होते. ओठ मिटलेले. पोट जागचं हललं नाही. आवाज मात्र त्याच खाटेवरून आला, आणि खाट करकरली.

"कोण खोकलं?"

"हेच की," साधना म्हणाली.

जयसिंगनं डोळे उघडले. "मी न्हाई," तो पुटपुटला. "लई जागा घेतोय त्यो."

दवाखान्यात फ्लू निघाला, न्यूमोनियाही सुरू झाला होता. उद्यावर ढकललं असतं तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. श्वासाचं मशीन लागलं, मग निघालं. जयसिंग वाचला.

सारजाबाई एकदाही दवाखान्यात आली नाही. "घरी बी कुणीतरी बघाया पायजे," एवढंच फोनवर म्हणाली. आम्हाला वाटलं, मेंढरांचं म्हणतेय.

त्याला घरी आणलं तेव्हा मी सोबत होते. भर दुपार होती. साधनानं व्हीलचेअर दारापर्यंत ढकलली. उंबऱ्यात सारजाबाई उभी होती, हातात काढ्याचा पेला. लेकाला बघून तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिनं ओठावर बोट ठेवलं.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय त्येचा."

"कुणाचा, आत्या?" साधनानं विचारलं.

सारजाबाई बाजूला झाली.

खाटेवर गोधडी पसरलेली होती. उशीवर डोकं नव्हतं. गोधडीखाली पाय नव्हते, कुणाचा आकारच नव्हता. फक्त छातीच्या जागी ती सावकाश वर आली. धडधाकट माणसाची छाती भरते तशी, फासळ्या रुंदावत. क्षणभर थांबली. खाली गेली.

साधनाचे हात खुर्चीवरून सुटले.

जयसिंग टक लावून बघत होता. "कसा भरून घेतोय बघा," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले.

गोधडी वर जायची, तेव्हा त्याचा श्वास थांबायचा. ती खाली आली, की सुरू व्हायचा.