मागचे पिवळे दिवे

ड्रायव्हरकाकांनी बल्बची दोन्ही खोकी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. "मला शोभेचे नकोत," ते दुकानदाराला म्हणाले. "धुक्यात रस्ता दिसला पाहिजे."

"मग पांढरे घेऊच नका. धुक्यात पांढरा उजेड उलटा आपल्याच तोंडावर येतो. हे पिवळसर हॅलोजन न्या. आणि जास्त वॉटच्या नादी लागू नका, वायरिंग जळेल."

काकांनी पिवळे उचलले. आठवड्यातून तीनदा, सकाळी सहाला, ते तीन पेशंटना डायलिसिससाठी तळ्याकाठच्या रस्त्याने इस्पितळात पोचवत. हिवाळाभर तिथे हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत असं धुकं. मागच्या आठवड्यात एका वळणावर व्हॅन कठड्याला घासली, तेव्हापासून काकांची झोप उडाली होती. अंग आंबून गेलं होतं, पण बदली ड्रायव्हर मिळत नव्हता.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच बल्ब बसवले, काचेला बोट लागू नये म्हणून फडक्यात धरून. डावा दिवा काही केल्या नीट बसेना. तिरळ्या माणसासारखा किंचित वर बघत राहिला. "चालेल," काका पुटपुटले. पुन्हा वाकायचं त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रस्ता खरंच दिसला. कडेचा पांढरा पट्टा, कठड्याचे दगड, सगळं.

"जीव भांड्यात पडला हो," मागून मास्तरीणबाई म्हणाल्या. शिंपी खिडकीला डोकं टेकून घोरत होता. लायब्ररीत काम करणारी मुलगी शाल गुंडाळून गप्प बसली होती.

पूल ओलांडला आणि काकांना आरशात दोन दिवे दिसले. पिवळे. डावा किंचित वर.

काकांनी वेग कमी केला. तेही मंदावले. काकांनी दिवे खाली-वर केले. मागच्यांनीही केले, क्षणभर थांबून.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "प्रतिबिंब असेल. चार तासांच्या झोपेवर गाडी चालवता, दुसरं काय दिसणार? आधी डोळे तपासून घ्या."

काकांनाही ते पटलं. पटवून घ्यायला फार कष्ट लागत नव्हते.

पुढच्या खेपेला अंतर निम्म्यावर आलं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला दिवे इतके जवळ आले, की व्हॅनच्या आतलं छत पिवळं झालं. काकांचा हात दिव्यांच्या खटक्याकडे गेला. तो पोचण्याआधीच मागचे दिवे खाली झाले.

"काका, मागे कोण आहे?" मुलीने विचारलं.

"असेल कोणी गाडीवाला."

"मग इंजिनाचा आवाज कसा येत नाही?"

काकांनी आरसा वर वळवला. पुढची खेप नाकारावी असं त्यांच्या मनात आलं. पण मास्तरीणबाईंचे पाय सुजले होते. एक दिवस चुकला तरी त्यांचा श्वास कोंडायचा.

त्या सकाळी दिवे पुलाच्या आधीच मागे लागले. काकांचे खांदे भरून आले होते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं. रस्ता जरा रुंद झाला तिथे त्यांनी व्हॅन कडेला घेतली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि पुढे जायची खूण केली.

"जा बाबा. एकदाचा जा."

उजेड शेजारून सरकत पुढे गेला. हातावर वारा लागला नाही. धुक्यात दोन लाल ठिपके दिसले, मग तेही विझले.

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उरलेला रस्ता मोकळा होता. मागे कोणी बोललं नाही. शिंप्याचं घोरणंही थांबलं होतं. झोपू देत बिचाऱ्यांना, काकांना वाटलं.

इस्पितळाच्या दारात मावशी पायपुसणं झटकत होत्या. काका खाली उतरले.

"काय विसरलं, काका?"

"विसरलं? पेशंट आणलेत. चाकाची खुर्ची आणा बाईंसाठी."

मावशी हसल्या. "झोप झाली नाही वाटतं. पंधरा मिनिटांपूर्वी तर सोडून गेलात तिघांना. मशीन लागलीसुद्धा."

काकांनी दाराच्या काचेतून आत पाहिलं.

तीन पलंग. शिंपी. मुलगी. मास्तरीणबाई. नळ्या लावलेला हात तसाच ठेवून बाईंनी दुसरा हात हलवला.

काका वळले नाहीत.

मागे, व्हॅनच्या आतून, कोणीतरी काचेवर बोटं वाजवली.

"काका, दार उघडताय ना? गारठलो आम्ही."